स्तामाताच्या कागदावरचा शब्द

स्तामाता हे नाव तिच्या आईबापांनी लाडाने ठेवलेलं नव्हतं. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली, तेव्हा बारशाच्या दिवशी बापाने पाद्र्याला सांगितलं, "हिचं नाव स्तामाता ठेवा." स्तामाता म्हणजे आमच्या भाषेत 'थांब'. आता पुरे, यापुढे मुली नकोत. नावाचा काही उपयोग झाला नाही. तिच्यानंतर आणखी दोघी झाल्या आणि मग कुठे मुलगा. हे सगळं ती हसत सांगायची. "माझ्या नावाला देवसुद्धा बधला नाही, बाई. पण एक झालं. शब्दाला अर्थ असतो आणि तो लागतो, हे मला चालायला यायच्या आधी कळलं."

मी १९५९च्या सप्टेंबरात पेत्रोव्रिसीच्या शाळेवर रुजू झाले. पात्रासच्या बंदरातून एकदम आर्केडियाच्या डोंगरात. पहिल्याच रविवारी काळ्या कपड्यांतली, चाळिशी ओलांडलेली एक बाई मसुराच्या आमटीचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. भांडं टेबलावर ठेवलं, कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि म्हणाली, "बाई, एक विचारू? शाळेसाठी आपल्या भाषेत जो शब्द आहे, तो आला कुठून?"

नवी नवी शिक्षिका मी. ऐटीत सांगितलं की फार पूर्वी त्याचा अर्थ 'फुरसत' असा होता. ज्यांना कामधंद्यातून सवड मिळे ते शिकत बसत.

ती म्हणाली, "म्हणजे माझा बाप खरं बोलत होता तर! दोन वर्षांनी मला शाळेतून काढलं तेव्हा म्हणाला, शाळा रिकामटेकड्यांची."

त्या दिवसापासून आमचं जमलं. मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला शेवटपर्यंत बाईच म्हणाली.

तिचा नवरा लाम्ब्रोस बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. आदल्याच वर्षी तो तिथे दरड कोसळून गेला. मूलबाळ नव्हतं. गावातल्या संत पारास्केवीच्या चर्चमधला म्हातारा दिवेवाला त्याच सुमारास वारला, आणि आमचे पाद्री पापा-आनेस्तिस यांनी चर्चची किल्ली स्तामाताच्या हातात दिली. काम म्हटलं तर किरकोळ, म्हटलं तर न संपणारं. वाती कापायच्या, दिव्यांत तेल घालायचं, फरशीवर गळलेलं मेण सुरीने खरवडायचं, लोकांनी चुंबन घेतलेल्या पवित्र चित्रांच्या काचांवरून ओठांचे ठसे पुसायचे. संत पारास्केवी डोळ्यांची राखण करते, म्हणून लोक तिला चांदीचे छोटे छोटे डोळे वाहतात. ते डोळे मावशी राख आणि लिंबाने घासायची. वेदीच्या आतल्या भागात बायकांना मज्जाव. तिथला केर पापा-आनेस्तिस स्वतः काढायचे, आणि फार वाईट काढायचे. मावशी पडद्याबाहेर उभी राहून सूचना द्यायची. "पापा, कोपरा राहिला." "पापा, खराटा आडवा धरा, उभा नव्हे." आतून उत्तर यायचं, "स्तामाता, वेदीपाशी तरी मला सुखाने राहू दे!"

गाव तिला 'दिवेवाली' म्हणायचं. सहा वर्षं ती दिवेवालीच होती. मग १९६५च्या शरदात बिशपच्या कार्यालयातून एक कागद आला. धर्मप्रांतातल्या सगळ्या चर्चच्या नोकरांची नोंद व्हायची होती. कागदावर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत हुद्दा: नेओकोरोस.

कागद घेऊन ती सरळ शाळेत आली. मधली सुट्टी होती.

"बाई, हे मी आहे का?"

"हो, मावशी. कागदोपत्री तुम्हाला हेच म्हणतात."

"म्हणजे काय पण?"

मी महाविद्यालयात पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. "पहिला भाग 'नाओस', म्हणजे देऊळ. दुसरा भाग झाडणं या जुन्या क्रियापदावरून. देऊळ झाडणारा तो नेओकोरोस."

तिने कागदाची घडी घातली. पुन्हा उघडला. "एवढा लांबलचक शब्द, आणि आत नुसता खराटा?"

तिचा चेहरा उतरलेला पाहून मी घाईने म्हटलं, "पण खूप जुना शब्द आहे हं. ख्रिस्ताच्याही आधीचा. तेव्हा देवळातल्या एका प्रकारच्या पुजाऱ्यांना म्हणायचे."

"पुजाऱ्यांना? मूर्तिपूजकांच्या?"

"हो."

"आणि ते पुजारी झाडायचे?"

घंटा झाली आणि मी सुटले.

ती तिथून पापा-आनेस्तिसकडे गेली. मूर्तिपूजकांचा शब्द बिशपच्या कागदावर कसा काय, असा तिचा प्रश्न होता. पापा दाढीत बोटं घालून म्हणाले, "शब्दांचाही बाप्तिस्मा होतो, स्तामाता. पाण्यात बुडवलं की जुनी पापं धुऊन जातात."

"पापं जातात, पापा. अर्थ कुठे जातो?"

गावच्या कॉफीच्या दुकानात ही बातमी त्याच दिवशी पोचली. दुकानाचा मालक व्लासिस आणि त्याच्या पायरीवर दिवसभर विरंगुळा म्हणून मण्यांची माळ फिरवत बसणारी मंडळी यांना हिवाळाभर पुरेल एवढा विषय मिळाला. ती पाण्याला निघाली की कोणीतरी उठून वाकायचं. "पुजारीणबाई, आशीर्वाद द्या!" ती न थांबता म्हणायची, "आधी तोंड धुऊन ये, मग देते." पण प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नव्हता. ते मला माहीत होतं, कारण महिन्या-दोन महिन्यांनी ती मला नवीनच बाजूने विचारायची. देवळात झाडणाऱ्याला पुजारी म्हणत होते, की पुजाऱ्याला झाडावं लागत होतं? त्या दोन्हींत फरक आहे असं तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी ईस्टर झाल्यावर मे महिन्यात एका सकाळी जमीन हलली. मोठा धक्का नव्हता. शाळेतली दौत सांडली, दोन-तीन घरांची धुराडी पडली. चर्चमध्ये दक्षिणेच्या भिंतीचा गिलावा मेणबत्त्यांच्या घडवंचीमागे हातभर कोसळला. मावशी लगेच टोपलं घेऊन ढिगारा उपसायला गेली. घडवंचीखालचा चुरा काढायला ती गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, डोकं जवळजवळ फरशीला लावून हात आत घालत होती. आणि त्या अवस्थेत तिला गिलाव्यामागच्या दगडावर अक्षरं दिसली.

तो दगड भिंतीत उलटा बसवलेला होता. चर्च बांधणाऱ्यांनी कुठूनतरी जुना घडीव दगड आणला आणि जसा बसला तसा बसवला. सरळ उभं राहून पाहिलं तर नुसत्या रेघोट्या वाटाव्यात. डोकं खाली केलं तरच ओळ लागे.

मावशीला मोठी अक्षरं तेवढी वाचता यायची, दोन वर्षांच्या शाळेतली. तिने एकेक अक्षर बोटाने चाचपलं. मग उठली, घरी गेली, पेटीतून तो कागद काढला, परत आली, पुन्हा डोकं फरशीला टेकलं आणि कागद दगडाशेजारी उलटा धरला.

तिसऱ्या तासाला ती शाळेच्या दारात उभी राहिली. केसांत चुना, गुडघ्यांवर चुना.

"बाई, मुलांना काहीतरी लिहायला द्या आणि चला. माझा शब्द भिंतीत आहे."

मी गेले. तिने सांगितलं तशी फरशीवर झोपले. माझे मोजे फाटले ते फाटलेच. खरंच, दगडाची एक बाजू तुटलेली होती, पण उरलेल्या भागात सुरुवातीलाच सात अक्षरं स्वच्छ होती. आठवं मात्र वेगळं. आमचं शेवटचं अक्षर, 'स', कोनांचं, आणि दगडावर होता एक अर्धचंद्र.

"मावशी, जुळत नाही हो. शेवटचं अक्षर दुसरंच आहे. दुसरा शब्द असेल."

"दुसरा? इकडे या." तिने मला हाताला धरून उठवलं आणि ख्रिस्ताच्या चित्रापुढे नेलं. "हे बघा. त्याच्या नावाच्या शेवटी काय आहे? अर्धचंद्र. आता संत निकोलसकडे चला. शेवटी काय? अर्धचंद्र. सात वर्षं मी रोज यांच्यावरून फडकं फिरवतेय. आपण जिथे कोनांचं अक्षर काढतो तिथे जुने लोक अर्धचंद्र काढायचे. तुम्ही कॉलेजात गेलात, तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. मी विसरले होते. पवित्र चित्रांपुढे मी आयुष्यभर मेणबत्ती लावत आले, पण त्यांच्यावरची अक्षरं कधी वाचली नव्हती.

चर्चच्या समितीचे अध्यक्ष होते थ्रासिवुलोस. किराणा दुकान, गावातला एकमेव टेलिफोन आणि मोठा आवाज, तिन्ही त्यांच्याकडे. सव्वीस जुलैला संत पारास्केवीचा उत्सव, त्याला बिशप यायचे होते. त्याआधी भिंत पांढरीशुभ्र हवी म्हणून अध्यक्षांनी जूनच्या सुरुवातीलाच गवंडी आणला. गवंडी चुना कालवून भिंतीपाशी आला तर तिथे मावशी खुर्ची टाकून बसलेली. मांडीवर विणकाम.

पंधरा मिनिटांत अध्यक्ष हजर, त्यांच्यामागे पापा-आनेस्तिस आणि निम्मं गाव. मीही होते.

"स्तामाता, ऊठ."

"बसते थोडी, अध्यक्ष. पाय दुखतात."

"चुना वाळतोय!"

"मग झाकून ठेवा. या दगडावर लिहिलेलं आहे. कुणीतरी जाणत्याने वाचल्याशिवाय याच्यावर चुना पडायचा नाही."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "अगं, जाणते लोक आले की काय होतं ठाऊक आहे का? दोरी बांधतात, पाटी लावतात, कशाला हात लावू देत नाहीत. उत्सव काय दोरीच्या बाहेर उभं राहून करायचा? आणि तुला काय करायचंय त्यात? तुझं काम झाडायचं. तू झाड."

"झाडलं म्हणूनच सापडलं," मावशी म्हणाली. "तुम्ही वीस वर्षं अध्यक्ष आहात, तुम्हाला सापडलं का?"

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष लाल झाले. "किल्ली इकडे दे. उद्यापासून दुसरी बाई बघतो मी."

मावशीचे हात थांबले. त्या कामावरच तिचं पोट होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने कमरेची किल्ली काढली, पण अध्यक्षांच्या पुढ्यात नाही धरली. पापा-आनेस्तिसच्या धरली. "पापा, तुम्ही दिली होतीत. तुम्हाला परत हवी असेल तर घ्या. पण खुर्चीवरून मी उठत नाही."

पापा भांडणाला फार घाबरायचे. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या देखत कफनी सावरून हळूहळू खाली बसले आणि डोकं फरशीला लावलं. टोपी घरंगळत गेली. बराच वेळ ते तसेच होते. उठले तेव्हा म्हणाले, "अध्यक्ष, हिच्या कागदावरचाच शब्द आहे. बिशपसाहेबांच्या शिक्क्याचा. त्याच्यावर चुना मारला आणि त्यांनी विचारलं, तर मी काय सांगू?"

अध्यक्ष बिशपला भीत होते. दहा दिवसांची मुदत ठरली. तेवढ्यात कोणी जाणता आला तर ठीक, नाहीतर गिलावा.

मी त्रिपोलीच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. पण नुसत्या पत्रावर कोण येणार, असं मावशीचं म्हणणं. तिने बेकरीतून पातळ कागद आणला, दगडावर दाबून धरला आणि दिव्यांची काजळी फडक्यात घेऊन वरून हलकेच फिरवली. कागद काळा झाला, अक्षरं पांढरी राहिली. ती गुंडाळी आम्ही बसच्या ड्रायव्हरकडे दिली. मावशीने त्याला संत पारास्केवीची शपथ घातली, वर अर्धा डझन अंडी दिली.

आठ दिवस काही नाही. व्लासिसच्या पायरीवर पैजा लागल्या. नवव्या दिवशी दुपारच्या बसमधून पायजम्यासारखी विजार घातलेली, धुळीने माखलेली एक तरुण मुलगी उतरली, हातात तीच गुंडाळी. तिने विचारलं, "हा काजळीचा ठसा कोणी घेतला?"

मेल्पो कारादीमा तिचं नाव. संग्रहालयात नवीनच लागलेली. आल्या आल्या ती फरशीवर झोपली, मावशी शेजारी झोपली, आणि मला वाटतं तासभर त्या दोघींची फक्त पावलंच आम्हाला दिसत होती. मग मेल्पो उठून बसली आणि वाचून दाखवलं. सुरुवात तुटलेली, नाव गेलेलं. पुढे होतं: '...नेओकोरोस, आर्टेमिस देवीच्या देवळाची दारं नवी केली.' बस, एवढंच. दगड अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा असावा, असं ती म्हणाली.

मावशीने विचारलं, "पोरी, हा झाडायचा का?"

मेल्पो हसली. "मावशी, यावर विद्वानांची भांडणं आहेत."

"सांग की मग. भांडणं ऐकायला आम्हाला आवडतं."

आणि त्या दुपारी, चर्चच्या ओट्यावर, दही आणि काकड्या खात मेल्पोने सांगितलं. बहुतेक जण म्हणतात की शब्दात झाडणंच आहे. अगदी जुन्या काळी हा देवळातला खालच्या पायरीचा सेवक असावा. मग देवळं मोठी झाली, श्रीमंत झाली, तसा हा माणूसही मोठा झाला. तिजोरी त्याच्याकडे, उत्सव त्याच्याकडे. शेवटी शेवटी तर इतका मान आला की समुद्रापलीकडची मोठाली शहरं रोमच्या बादशहाचं देऊळ बांधायची आणि स्वतःलाच नेओकोरोस म्हणवून घ्यायची. नाण्यांवर छापायची. हा मान आधी कुणाला मिळाला यावरून शहराशहरांत भांडणं.

"अख्खं शहर?" मावशी म्हणाली. "हातात खराटा घेऊन?"

"खराटा कोणाला आठवत होता तेव्हा! पुढे हजारेक वर्षांपूर्वी एका कोशकाराला तो आठवला, तर त्याला राग आला. त्याने लिहून ठेवलं की नेओकोरोस देऊळ सजवतो, नीटनेटकं ठेवतो. झाडणारा तो नव्हे."

मावशीने काकडी खाली ठेवली. "झाडल्याशिवाय सजवता येतं का? हा माणूस देवळात कधी राबलेला नसणार."

"शिवाय," मेल्पो पुढे म्हणाली, "पिलोसला जळालेल्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्यात. तीन हजार वर्षांहून जुन्या. त्यांवर असाच एक शब्द आहे, 'दाकोरो'. तोही देवस्थानाचा सेवक असावा. काहींचं म्हणणं, त्यातला 'कोरो' म्हणजे झाडणं नव्हेच, पोसणं, सांभाळणं. कुणाचं काही, कुणाचं काही."

"मग खरं काय?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"अथेन्सलाही नाही?"

"अथेन्सलाही नाही."

मला वाटलं मावशी हिरमुसेल. पण ती खूश झाली. तिचा चेहरा असा खुलला की जणू कुणी तिच्या हातात काही ठेवलं. संध्याकाळी मेल्पोला बसवर सोडून परत येताना म्हणाली, "बाई, बघा, तुम्ही मला वर्षापूर्वी एका दमात सांगून टाकलंत. झाडणारा. संपलं. आणि ती एवढी शिकलेली पोर म्हणते, माहीत नाही." तिने टोमणा मारला नव्हता. तिला फक्त नवल वाटत होतं.

दगड भिंतीतच राहिला. मेल्पोने सांगितल्याप्रमाणे गवंड्याने भोवतीने गिलावा केला आणि दगडापुरती खिडकी ठेवली. दोरी आली नाही. उत्सवाला बिशप आले, तेव्हा त्यांना तो दगड दाखवायला सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष! "आमच्या समितीने जपला," असं ते म्हणाले. मावशी मेणबत्त्यांपाशी उभी होती. बिशप वाकून पाहू लागले तेव्हा तिने पुढे होऊन त्यांचा राजदंड धरला, कारण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

त्यानंतर ती आठवड्यातून तीन दुपारी माझ्याकडे वाचायला बसू लागली. बारीक अक्षरं तिला पन्नाशीत आली. आणि गावातले सगळे दगड ती बघत सुटली. तुटलेला भाग कुठेतरी असणारच, असं तिचं म्हणणं. गोठ्यांच्या भिंती, विहिरीचे काठ, तेलाच्या घाण्याचा पाया. लोक चेष्टा करायचे. "मावशी, माझ्या घरी एक दगड आहे, माझी सासू. तिच्यावर काही लिहिलंय का बघ."

पाच वर्षं काही मिळालं नाही. १९७१ साली व्लासिसने दुकानाची पायरी बदलायला काढली. जुना दगड पहारीने उचलून पालथा केला, आणि खालच्या बाजूला अक्षरं. मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर पाय ठेवून बसलेली. मावशीला बोलावणं गेलं. या वेळी तिला कुणाची गरज लागली नाही. तिने मोठ्याने वाचलं, सगळ्यांसमोर, अडखळत पण बरोबर: "दामोक्सेनोस, अरिस्तिओनचा मुलगा..." आणि पुढे तुटलेली कड. भिंतीतल्या दगडाची सुरुवात ती हीच.

मला ठाऊक होतं, तिला मनातून दगडावरची ती नाव नसलेली व्यक्ती बाई असावी असं वाटत होतं. हा शब्द बाईलाही लागतो आणि पुरुषालाही, हे मेल्पोने सांगितलेलं तिने जपून ठेवलं होतं. ती व्लासिसकडे वळली.

"पुरुष होता तर! व्लासिस, ऐकलंस? या गावात एके काळी पुरुष झाडायचे. देवीसमोर. आणि त्याचा अभिमान वाटून दगडावर कोरायचे. तुझ्या पायरीवर बसणाऱ्यांपैकी एकाने तरी कधी खराटा धरलाय का?"

"मावशी, त्यात झाडणं नसेलही, तूच म्हणतेस ना," व्लासिस म्हणाला.

"नसेलही," ती म्हणाली. "तू सुरुवात कर, मग बघू."

तो तुकडा मेल्पोने त्रिपोलीच्या संग्रहालयात नेला. तीन वर्षांनी मावशी आणि मी तो बघायला गेलो. काचेमागे, चांगल्या उजेडात ठेवलेला. खाली छापील पाटी: 'देऊळ झाडणारा दामोक्सेनोस याचा शिलालेख'. मावशीने पाटी दोनदा वाचली आणि मेल्पोला बोलावून घेतलं.

"पोरी, चर्चच्या ओट्यावर बसून दही खाताना तू म्हणालीस, नक्की माहीत नाही. आणि इथे पाटीवर नक्की?"

मेल्पो ओशाळली. "पाटीवर जागा थोडी असते, मावशी."

"मग शब्द तसाच ठेवा. लोक विचारतील काय म्हणून. विचारू देत."

ती पाटी पुढे बदलली. आता तिथे नुसतं 'नेओकोरोस दामोक्सेनोस' आहे, आणि खाली बारीक अक्षरांत: 'देवळाची देखभाल पाहणारा, शब्दाच्या मुळाविषयी मतभेद.' पर्यटक येतात, वाचतात, पुढे जातात. कोणी विचारतं का, ते मला माहीत नाही.

मावशीने १९८३ पर्यंत काम केलं. मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि किल्ली वाया नावाच्या एका विधवेकडे गेली. मावशी तिला ओट्यावरून सूचना द्यायची, पूर्वी पापांना द्यायची तशाच. पापा-आनेस्तिस तोवर वारले होते. अध्यक्षही.

मेल्पो नाताळला पत्र पाठवायची. १९९०च्या पत्रात तिने लिहिलं की परदेशात एका परिषदेत कुणा प्राध्यापकाने या शब्दाबद्दल नवंच काही मांडलंय. मातीच्या पाट्या पुन्हा तपासून तो म्हणतो की पोसण्याचा अर्थ धरायला आधार नाही, झाडणंच खरं. मी मावशीला वाचून दाखवलं. तिला आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. "परत वाचा," म्हणाली. मी परत वाचलं.

बराच वेळ ती अंगावरच्या घोंगडीचे दोरे ओढत राहिली. "बाई, मेल्पोला लिहा. त्याला विचार म्हणावं, त्या मातीच्या पाट्यांवर झाडण्यासाठी दुसरा एखादा शब्द आहे का? घर झाडायला, गोठा झाडायला. असेल, तर त्या देवळाच्या सेवकाला त्याच शब्दाने का नाही हाक मारली? आणि नसेल, तर या प्राध्यापकाला कसं कळलं?"

मी तिच्या शब्दांत लिहिलं आणि पत्र टाकलं. फेब्रुवारीत, ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पहिल्या आठवड्यात, मावशी गेली. मेल्पोने आमचा प्रश्न त्या प्राध्यापकाला कळवला होता. त्याचं उत्तर मे महिन्यात आलं, स्तामाताच्या नावाने, चार पानी. पत्राच्या सुरुवातीला त्याने तिला 'आदरणीय सहकारी' म्हटलं होतं. मी ते शाळेत बसून दोनदा वाचलं. प्रश्न योग्य आहे, असं तो म्हणत होता. त्यापुढचं निम्मंअधिक मला कळलं नाही.